जांभई आली तर रागावू नका

गेल्या मंगळवारी सकाळच्या तासाला शिकवता शिकवता मलाच जांभई आली. बहमनी सुलतानांच्या काळातल्या महसुलाविषयी बोलत होतो. रमजानचा दुसरा आठवडा. आदल्या रात्री तरावीहची नमाज आटोपून घरी यायला साडेदहा झालेले, पहाटे सहेरीसाठी साडेचारला उठलेलो आणि सकाळचा चहा नाही. वाक्य अर्धवट राहिले. हातात खडू होता, तोच हात तोंडावर गेला आणि मिशीवर पांढरा पट्टा उमटला. वर्ग हसला. हसू ओसरते न ओसरते तोच पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीआड तोंड लपवले. तिच्या मागच्या मुलाने ओठ घट्ट मिटून जांभई गिळायचा प्रयत्न केला, त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मग खिडकीजवळचे दोघे. मिनिटभरात जांभई शेवटच्या बाकापर्यंत जाऊन पोहोचली. त्या वर्गात रोजा धरणारी मुले पाच-सहाच. बाकीची पोहे खाऊन, चहा पिऊन आलेली. जांभईने हा फरक काही पाहिला नाही.

तास संपल्यावर एक विद्यार्थी दारात रेंगाळला आणि हसत म्हणाला, "सर, आज तुम्हीच उभं राहायला पाहिजे होतं." त्याचे बरोबर होते. अठरा वर्षांच्या नोकरीत जांभई देणाऱ्या कितीतरी मुलांना मी उभे केले आहे. "विषय कंटाळवाणा वाटतोय का? घरी जाऊन झोपा मग," हा माझा ठरलेला टोमणा. जांभई म्हणजे समोरच्याचा अपमान, आळस, बेपर्वाई, असे मी धरून चाललो होतो. खरे तर असे धरून चालण्याचा अधिकार मी काही वर्षांपूर्वीच गमावला होता. त्याची गोष्ट पुढे सांगतो. आधी जांभईविषयी थोडे.

चार भाषांची जांभई

आमचे सोलापूर चार भाषांचे गाव. मराठीत आपण जांभई म्हणतो, उर्दूत जमाही. हे दोन्ही शब्द एकाच घरचे. मूळ संस्कृत 'जृंभ्' हा धातू. त्याचा अर्थ तोंड उघडणे, पसरणे, फूल उमलणेसुद्धा. एकाच मुळाची एक फांदी मराठीत आली, दुसरी हिंदी-उर्दूत गेली. आमच्या घरच्या दख्खनीत तिची 'जमाई' होते, आणि हिंदीत जमाई म्हणजे जावई. त्यामुळे "जमाई आ रई" म्हटले की बहिणीच्या नवऱ्याची थट्टा ठरलेली. गल्लीतली तेलुगू घरे आवलिंत म्हणतात, कन्नड घरे आकळिके म्हणतात. शब्द वेगळे, पण तोंड उघडण्याची तऱ्हा सगळ्यांची सारखीच.

जांभई आल्यावर काय करायचे, याचे नियमही घरोघरी होते. शेजारच्या आजी जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवायच्या आणि देवाचे नाव घ्यायच्या. आम्हा मुलांना ती चुटकी फार आवडायची. आम्ही घरी वाजवून पाहायचो, तर अम्मी म्हणायची, "चुटकी नको, हात ठेव तोंडावर." अम्मीच्या सांगण्यामागे हदीस होती, म्हणजे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या वचनांची परंपरा. 'सहीह बुखारी' या संग्रहात असा आशय येतो की अल्लाहला शिंक आवडते, जांभई आवडत नाही. जांभई सैतानाकडून येते, म्हणून ती आली की शक्य तितकी आवरावी. 'सहीह मुस्लिम'मध्ये तोंडावर हात ठेवायला सांगितले आहे. जुन्या भाष्यकारांनी याचा अर्थ असा लावला की जांभई ही पोट गच्च भरल्याची, अंग जड झाल्याची, इबादतीत सुस्ती आल्याची खूण आहे. इफ्तारला भजी, समोसे आणि शरबत यांवर ताव मारून तरावीहला उभे राहणाऱ्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. विजापूर वेशीतल्या रमजानच्या बाजारात एक फेरी मारून आलेल्यालाही नाही.

आयुर्वेदाचा रोख वेगळा आहे. चरकसंहितेत शरीराच्या ज्या तेरा वेगांना अडवू नये असे सांगितले आहे, त्यांत तहान, भूक, शिंक, अश्रू आणि झोप यांच्याबरोबर जांभईही आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात तर जांभई देवांच्या कामी येते. वृत्रासुराने इंद्राला गिळले, तेव्हा देवांनी जृंभिका म्हणजे जांभई निर्माण केली. वृत्राने जांभई देताच इंद्र अंग आखडून बाहेर निसटला, आणि तेव्हापासून जांभई सगळ्या प्राण्यांच्या ठायी राहिली, अशी ती कथा.

एकीकडे आवरा, दुसरीकडे अडवू नका. मला यात भांडण दिसत नाही. एक सांगतो चारचौघांत कसे वागावे, दुसरा सांगतो शरीराचे ऐकावे. तोंडावर हात ठेवून दिलेल्या जांभईत दोन्हीही साधते. आणि नुसती दाबून ठेवायची म्हटली तर काय होते, हेही आता तपासून झाले आहे. २०१७ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात ३६ जणांना दुसऱ्यांच्या जांभयांच्या चित्रफिती दाखवल्या आणि कधी "आवरा", कधी "येऊ द्या" असे सांगितले. आवरायला सांगितल्यावर पूर्ण जांभया कमी झाल्या, पण त्यांची जागा अर्धवट दाबलेल्या जांभयांनी घेतली आणि जांभई देण्याची ऊर्मी उलट वाढली. तरावीहच्या सफीत, म्हणजे नमाजच्या रांगेत उभा राहणारा प्रत्येक जण हे स्वानुभवाने सांगेल.

प्राणवायूची चुकीची गोष्ट

शाळेत आम्हाला सांगितले होते की शरीरात प्राणवायू कमी पडला, कार्बन डायऑक्साइड वाढला की जांभई येते. आजही कुणाला विचारा, हेच उत्तर मिळेल. ऐकायला पटते, कारण जांभईत माणूस मोठा श्वास घेतो. बंद खोली, गर्दीचा वर्ग, कोंदट हवा, सगळे जुळते. पण हे उत्तर १९८७ सालीच खोटे ठरले आहे.

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. हसणे, उचकी, जांभई अशा ज्या गोष्टींकडे मोठे संशोधक सहसा वळत नाहीत, त्यांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी विद्यार्थ्यांना निरनिराळी हवा श्वासातून घ्यायला दिली. कधी शुद्ध प्राणवायू, कधी ३ किंवा ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा. नेहमीच्या हवेत हा वायू एक टक्काही नसतो. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर मुलांचा श्वास जोरात चालू लागला, पण जांभया वाढल्या नाहीत. शुद्ध प्राणवायू दिल्यावर त्या कमीही झाल्या नाहीत. व्यायाम करायला लावून श्वासाची गती वाढवली, तरी जांभयांवर परिणाम नाही. म्हणजे श्वासाची गरज एका बाजूला आणि जांभई दुसऱ्या बाजूला.

आणखी एक गोष्ट पाहा. आईच्या पोटातले बाळही जांभई देते. ते फुप्फुसाने हवा घेतच नाही, त्याचा प्राणवायू नाळेतून येतो. २०१२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी २४ ते ३६ आठवड्यांच्या पंधरा गर्भांची सोनोग्राफीतून हलती चित्रे पाहिली आणि नुसते तोंड उघडणे व जांभई यांतला फरक नोंदवला. जगात येण्याआधीच माणूस जांभई द्यायला शिकलेला असतो.

मग येते तरी कशाला?

याचे सर्वांनी मान्य केलेले एकच उत्तर अजून नाही. पण दोन गोष्टी बऱ्याच भक्कम आहेत.

पहिली म्हणजे जांभई ही अवस्था बदलण्याच्या वेळी येते. झोपेतून जागे होताना, जागेपणातून झोपेकडे जाताना, कंटाळ्यातून कामाकडे वळताना. सरासरी सहा सेकंदांची ही क्रिया. त्यात जबडा पूर्ण ताणला जातो, मोठा श्वास आत जातो, कानांचे दडे सुटतात, डोळे मिटतात आणि डोळ्यांतल्या ग्रंथींवर दाब पडून पाणी येते. पुष्कळदा हातपायही ताणले जातात. शरीर जणू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना दार ढकलते. म्हणून जांभई म्हणजे निव्वळ झोप नव्हे. पुष्कळदा ती झोपेशी चाललेली झटापट असते. स्पर्धेला उतरण्याआधी खेळाडू आणि विमानातून उडी मारण्याआधी छत्रीधारी सैनिकही जांभया देतात. त्यांना काही कंटाळा आलेला नसतो.

दुसरी गोष्ट मेंदूच्या तापमानाची. अँड्र्यू गॅलप या अमेरिकी संशोधकाचे म्हणणे असे की जांभईमुळे मेंदू थोडा थंड होतो. जबडा ताणल्याने डोक्याकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि आत आलेली गार हवा ते रक्त निववते. हे खरे असेल तर बाहेरची हवा शरीराइतकीच गरम असताना जांभई निरुपयोगी ठरायला हवी. ते पाहण्यासाठी त्यांनी ॲरिझोनातल्या टूसान या वाळवंटी शहरात रस्त्याने जाणाऱ्या १६० जणांना जांभई देणाऱ्या माणसांची चित्रे दाखवली. निम्म्यांना हिवाळ्यात, तापमान २२ अंश असताना. निम्म्यांना उन्हाळ्यात, ३७ अंशांना. हिवाळ्यात ४५ टक्के लोकांना जांभई आली, उन्हाळ्यात फक्त २४ टक्क्यांना. पुढे व्हिएन्नात असाच प्रयोग झाला. तिथला उन्हाळा आपल्याकडच्या हिवाळ्यासारखा, साधारण २० अंशांचा. तिथे लोकांनी उन्हाळ्यात जास्त जांभया दिल्या आणि कडक थंडीत कमी. म्हणजे प्रश्न ऋतूचा नाही, हवा किती अंशांची याचा आहे. सगळ्या शास्त्रज्ञांना हा सिद्धांत पटलेला नाही, पण सोलापूरच्या माणसाला विचार करायला लावणारा आहे. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. त्या वेळी आपण जांभई देण्याऐवजी सरळ आडवेच होतो!

एकाची सगळ्यांना

जांभई पसरते, हे जगाला फार आधीपासून ठाऊक आहे. प्रोव्हाइन यांनी पाहिले की जांभई देणाऱ्यांची चित्रफीत दाखवली, की काही मिनिटांत साधारण निम्म्या लोकांना जांभई येते. पाहायलाही नको, जांभईविषयी वाचले, नुसता विचार केला तरी पुरते. वाचकहो, एव्हाना तुमच्यापैकी काहींचा हात तोंडाशी गेला असेल. लाजू नका. लिहिताना माझाही गेला आहे.

गंमत अशी की चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दुसऱ्याची जांभई सहसा लागत नाही. स्वतःची येते, पण आईची पाहून येत नाही. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे मुलाला उमजू लागते, साधारण त्याच वयात हा संसर्गही सुरू होतो. इटलीतल्या दोन संशोधकांनी १०९ माणसांचे त्यांच्या रोजच्या व्यवहारात वर्षभर निरीक्षण केले: घरी, गाडीत, कामाच्या जागी. जांभई सर्वांत जास्त लागत होती ती रक्ताच्या नात्यातल्या माणसांची. मग मित्रांची, मग ओळखीच्यांची आणि सर्वांत कमी अनोळख्यांची. कुत्र्यांनाही माणसाची जांभई लागते. २००८ साली लंडनमधल्या एका प्रयोगात २९ पैकी २१ कुत्र्यांनी समोरच्या माणसाचे पाहून जांभई दिली. दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहांच्या कळपात तर असे दिसले की एकाची जांभई दुसऱ्याला लागली, की ते दोघे पुढची हालचालही बरोबरीने करतात. एक उठला की दुसरा उठतो. कळपाला एका वेळी जागे ठेवण्याचा हा मार्ग असावा.

इथे थोडे सावध राहायला हवे. ज्याला जांभई लागते तो प्रेमळ आणि ज्याला लागत नाही तो कोरडा, असा हिशेब कुणी मांडू नये. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २०१४ साली ३२८ जणांवर अभ्यास झाला. दुसऱ्याचे दुःख जाणण्याचा स्वभाव आणि जांभईचा संसर्ग यांचा ठोस संबंध तिथे सापडला नाही. वय वाढत जाते तशी लागण थोडी कमी होते, एवढेच स्पष्ट दिसले. हे मला पटते. पण एक प्रसंग असा आहे की जिथे हे सगळे शास्त्र माहीत असूनही मी गप्प बसलो.

अब्बांचा हात

२०१९ सालचा रमजान मे महिन्यात आला होता. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो; त्या वर्षी तो ऐन उन्हाळ्यात होता. रमजान लागण्याच्या थोडे आधी अब्बांना पक्षाघाताचा झटका आला. अब्बा गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावर सायकलीच्या दुकानात बसले, पण वेळ पाळायची सवय गिरणीच्या भोंग्याची. आयुष्यात त्यांनी अम्मीला सहेरीसाठी उठवायला लावले नाही, तेच तिला उठवायचे. आता उजवा हात आणि पाय निकामी, वाचा गेलेली. डावा डोळा आणि डावा हात एवढ्यावर बोलणे. रमजानच्या पहिल्या आठवड्यात त्यांना दवाखान्यातून घरी आणले.

बाहेरच्या खोलीत त्यांची खाट होती. अम्मी खाली सतरंजीवर. पहाटे साडेतीनचा सुमार. स्वयंपाकघरात माझी बायको सहेरीची तयारी करत होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन आलो तेव्हा अम्मी उठून बसली होती आणि तिला मोठी जांभई आली. रात्रीतून तीनदा उठून तिने अब्बांची कूस बदलली होती. तिची जांभई संपते तोच अब्बांनी जांभई दिली. आणि चादरीवर लाकडासारखा पडून असलेला त्यांचा उजवा हात हळूहळू वर उचलला गेला. कोपरात वाकला, छातीपर्यंत आला. जांभई संपली आणि हात परत खाली पडला.

"देखो, हात उठ्या!" अम्मी ओरडली. सगळे घर जागे झाले. तिच्या डोळ्यांतले पाणी थांबेना. रमजानची बरकत, तिच्या दुआ कबूल झाल्या, असे तिला वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही. सकाळी शेजारचे काका आले, समोरच्या पद्मशाली घरातली माणसे आली. ज्या आजी जांभई आली की चुटकी वाजवायच्या, त्यांच्या सुनेने देवापुढे नारळ फोडला आणि प्रसाद अब्बांच्या उशाशी आणून ठेवला. अम्मीने संध्याकाळी इफ्तारला सगळ्यांच्या घरी खजूर पाठवले. पुढचे दोन दिवस आम्ही अब्बांना "हात उचला, अब्बा, उचला" म्हणत राहिलो. ते कपाळावर घाम येईपर्यंत प्रयत्न करायचे. हात हलायचा नाही. मग केव्हातरी जांभई यायची आणि तोच हात आपोआप वर जायचा.

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे आम्हाला माहीत आहे. याला हात परत आला असं समजू नका." त्यांनी समजावून सांगितले ते असे. आपण स्वतःच्या मर्जीने हात उचलतो तेव्हा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून निघतो आणि एका ठरावीक वाटेने खाली येतो. पक्षाघातात ती वाट तुटते. जांभई मात्र मेंदूच्या खालच्या, फार जुन्या भागातून, मेंदूच्या देठातून चालते. तिला मर्जी लागत नाही. जांभईत सगळे अंग ताणले जाते, तेव्हा त्या जुन्या वाटेने निकामी हातापर्यंतही ताण पोहोचतो आणि हात उचलला जातो. एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांनी हे नोंदवून ठेवले आहे. 'पॅराकायनेशिया ब्रॅकिॲलिस ऑसिटन्स' असे लांबलचक नावही त्याला आहे. काही रुग्णांना तर सांगून तोंड उघडता येत नाही, पण जांभई आली की पूर्ण उघडते.

आता हे अम्मीला कोण सांगणार? मी चार दिवस सांगितले नाही. रोज पहाटे ती अब्बांच्या जांभईची वाट बघत बसायची. शेवटी एका सहेरीला सांगितले. हुकमाची वाट तुटली आहे, हात अब्बा उचलत नाहीत, शरीर उचलते, असे जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "पण जांभई त्यांना माझी बघून आली ना?"

मी म्हणालो, "हो. तशी लागते ती. घरच्या माणसांची जास्त लागते."

"मग झालं तर," ती म्हणाली. "हात नाही उचलला, पण मला बघितलं तरी."

पहाटेची वेळ होती. जांभई त्यांची त्यांनाही आलेली असू शकते. एका जांभईवरून असा निष्कर्ष काढता येत नाही, हे मला माहीत होते. मी काही बोललो नाही. अब्बा त्यानंतर दोन वर्षे होते. उजवा हात मर्जीने पुन्हा कधीच उचलला गेला नाही. डाव्या हाताने ते चमचा धरायला शिकले, खुणेने सहेरीची वेळ विचारायला शिकले. जांभई आली की उजवा हात वर जायचा. अम्मी तो हळूच धरायची आणि जांभई संपेपर्यंत सोडायची नाही.

जांभईचे ऐकावे कसे

हे सगळे पाहूनही मी वर्गात मुलांना उभे करत राहिलो, याची आता लाज वाटते. मंगळवारी दारात थांबलेल्या त्या विद्यार्थ्याला मी विचारले, "तू स्वतः रोज का जांभया देतोस?" तो म्हणाला, "सर, रात्री मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्या उतरवायला जातो. दोन-अडीच वाजतात." तो रोजा धरत नाही. पण आम्ही महिनाभर जी झोप मोडतो, ती तो बारा महिने मोडतो. गेल्या वर्षी त्याला मी दोनदा उभे केले होते.

रमजानमध्ये झोपेचे दोन तुकडे होतात, आणि जांभया वाढतात त्याचे मुख्य कारण तेच. दुसरे कारण चहा. ज्यांना सकाळपासून चार-पाच कप लागतात, त्यांना पहिल्या काही रोज्यांत डोके दुखते, सुस्ती येते. रमजान लागण्याआधी आठवडाभर चहा हळूहळू कमी केला तर हा त्रास बराच टळतो. इफ्तारला तळलेले बेताने खावे. तरावीहमध्ये अंग हलके राहते. दुपारी जोहरच्या नमाजच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटे पडून घ्यावे. आमच्याकडे त्याला कैलूला म्हणतात आणि ती सुन्नत मानली जाते. आपल्या मराठी घरांत तिला वामकुक्षी म्हणतात. दोन्ही परंपरांना दुपारची डुलकी मान्य आहे, ही केवढी सोय!

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नयेत. गाडी चालवताना एकामागून एक जांभया येऊ लागल्या, तर तो शरीराने दिलेला इशारा आहे. इफ्तारच्या आधी घर गाठायच्या घाईत पुष्कळ जण तो ऐकत नाहीत. गाडी बाजूला लावा, थोडे थांबा. रोजा रस्त्यातही एका खजुरावर सोडता येतो. आणि रात्रभर झोपूनही दिवसभर जांभया येत असतील, घरचे लोक मोठ्या घोरण्याची, झोपेत श्वास अडकण्याची तक्रार करत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही जांभया वाढतात. तसे वाटले तर डॉक्टरांशी बोला, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

पहाटेच्या अजानमध्ये एक वाक्य जास्तीचे असते: झोपेपेक्षा नमाज बरी. झोप हवीहवीशी असते हे मान्य करूनच ते म्हटलेले आहे, असे मला नेहमी वाटते. जांभई हीही त्या झोपेशी चाललेली माणसाची झटापटच. वर्गात, दुकानात, सफीत कुणाला जांभई आली, तर ती आपल्या विरोधात नसते. तो माणूस जागे राहण्याचा प्रयत्न करत असतो.

यंदा सहेरीला मी अम्मीच्या आधी उठतो. ते काम पूर्वी अब्बांचे होते. मी हाक मारली की ती उठून बसते, ओढणी सावरते आणि तिला जांभई येते. मग मला येते. दोघेही तोंडावर हात ठेवतो आणि पाण्याचा तांब्या मी तिच्यापुढे करतो.